मशीन कधीपासून चालू आहे, ते विचारू नये

आमच्या नवी मुंबईत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: “कधीपासून राहता इथे?” सगळेच बाहेरून आलेले. त्यात जो सहा महिने आधी आला तो जुना रहिवासी. तो कमरेवर हात ठेवून सांगणार, “आम्ही आलो तेव्हा तर इथे काहीच नव्हतं.” आत्ताही फारसं काही नाही, माणसांपेक्षा दिव्याचे खांब जास्त आहेत, पण ते बोलायचं नाही.

हाच प्रश्न मला परमुलुखात जाऊन तुर्की भाषेत शिकावा लागेल, आणि त्याच्या उत्तरापायी माझं घरी येणं अडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेला प्रवासवर्णन पाहिजे म्हणून जोशीकाका मागे लागले. मी म्हटलं, काका, मी आठवीत शाळा सोडलेला फिटर. ते म्हणाले, “अरे, परदेशात जाऊन आलेला तू एकटाच. बाकीचे सगळे फार तर शिर्डी.” म्हणून लिहितो. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

तुर्भ्याहून

आमचा कारखाना तुर्भ्याला. लिमलेटच्या गोळीला कागद गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ देणारी मशीन आम्ही बनवतो. तुर्कस्तानात इझमीरच्या पुढे तोरबाली नावाचं गाव आहे. तिथल्या नुरी बे नावाच्या गोळीवाल्यानं आमची एक मशीन घेतली. ‘बे’ म्हणजे आपलं ‘शेठ’, नावाच्या मागून लावतात. मशीन बोटीनं पुढे गेली. ती बसवायला आमचे इंजिनियर कुलकर्णी साहेब जायचे होते. तिकीट, स्वेटर, मफलर, सगळं तयार. आणि साहेबांना कावीळ झाली.

कारखान्यात पासपोर्ट असलेला दुसरा माणूस मीच. एका एजंटनं मला दुबईला नेतो म्हणून तो काढायला लावला होता. मग एजंट स्वतःच दुबईला गेला, पासपोर्ट माझ्या ट्रंकेत राहिला.

मालकांना आम्ही दादा म्हणतो. दादा म्हणाले, “वसंता, तू जा.”

“दादा, मला तिकडची भाषा येत नाही.”

“मशीनची येते ना?”

“ती येते.”

“मग झालं. मशीन बसव, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक अख्खा दिवस न थांबता चालवून दाखव. नुरी बे बरं म्हणाला की तू विमानात. नाही म्हणाला तर कुलकर्णी बरे होऊन तिकडे येईपर्यंत तुला तिथंच राहावं लागेल.”

कावीळ किती दिवस चालते ते सगळ्यांना माहीत आहे. आणि माझ्या सुनंदाला तेव्हा आठवा लागलेला. पहिलं बाळंतपण. तिनं एवढंच सांगितलं, “बारशाला आलात तर मी बोलणार नाही. त्याच्या आधी या.” दादांचे उपकार, की आठवी पास माणसावर एवढा भरवसा टाकला. पण त्या रात्री मी काविळीचे दिवस आणि आठवा महिना यांची बेरीज बोटांवर करत बसलो.

निघताना आईनं हातावर दही ठेवलं आणि तिचा नेहमीचा मंत्र दिला. आई रत्नागिरीकडची. तिचा नियम असा: चांगलं चाललेलं मोजू नये. दारातला भोपळ्याचा वेल कधीपासून धरतोय विचारलं तर ती म्हणणार, “छे हो, आत्ताच एक फूल दिसलं,” आणि तिच्या मागे ओळीनं भोपळे. वाईट मात्र सढळ हातानं मोजायचं. गुडघा कधीपासून दुखतो? “जन्मापासून.” चांगल्याचं वय कमी सांगायचं, वाईटाचं वाढवून. म्हणजे नजर गोंधळते आणि निघून जाते.

तोरबाली

विमान, बदललेलं विमान आणि बस हे सगळं मी डोळे मिटून आणि पाकीट धरून केलं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तोरबाली छान गाव आहे. चारी बाजूंना जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं, पानं अशी की कुणीतरी वरून राख भुरभुरलीय. थंडी मात्र आपल्याला न विचारता अंगात घुसणारी. माझी राहायची सोय हातिजे तेय्झे यांच्याकडे होती. तेय्झे म्हणजे मावशी. या मावशी नुरी बेच्या वडिलांच्या काळापासून कारखान्यात, आणि मशीन येईपर्यंत तिथली गोळी हातानं गुंडाळली जायची ती त्यांच्या हाताखाली. त्यांनी मला बघितलं, माझा स्वेटर बोटांनी चाचपला, च्च केलं आणि त्यावर मेलेल्या नवऱ्याचा कोट चढवला. कोटाच्या बाह्या माझ्या बोटांच्या पुढे वीतभर. पुढचे सगळे दिवस मी त्या कोटात असा फिरलो, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोटच चाललाय.

सकाळी नाश्त्याला काळीभोर फळं. मी जांभूळ समजून पसाभर तोंडात टाकली. ते जैतून, खारवलेलं, आत बी. मावशी बघत होत्या म्हणून गिळलं, बियांसकट. मावशींना वाटलं मला फार आवडलं. रोज पसाभर वाढू लागल्या.

चहाचं तर वेगळंच. दूध नाही, धरायला कानही नाही, कंबर बारीक असलेला एवढासा काचेचा पेला. आपल्याकडे यजमानानं दिलेलं संपवायचं, टाकायचं नाही. मी पेला संपवला की मावशी भरायच्या. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. दोघंही एकमेकांच्या चांगुलपणापुढे हरायला तयार नव्हतो. शेवटी माझा चेहरा बघून त्यांच्या सुनेनं माझ्याच पेल्यावर चमचा आडवा ठेवला. तो आडवा चमचा म्हणजे ‘पुरे’. एवढंसं कळायला मला किती चहा प्यावा लागला ते विचारू नका.

कारखान्यात गेल्यावर मला सगळे ‘वसंत उस्ता’ म्हणू लागले. उस्ता म्हणजे कारागीर, आपला उस्ताद. तुर्भ्यात मला ‘ए वश्या’ म्हणतात. पहिल्या दिवशी कुणी उस्ता म्हटलं की मी मागे वळून बघायचो, कोण आलं म्हणून.

भाषेसाठी नुरी बेनं त्याचा मेहुणा माझ्याबरोबर दिला होता. तो काही वर्षं जर्मनीत राहून आलेला. नुरी बे तुर्कीत बोलायचा, मेहुणा त्याचं जर्मन करून मला सांगायचा आणि मी मान डोलवायचो. मग मी हिंदीत बोलायचो आणि मेहुणा मान डोलवायचा. असं तासभर चालल्यावर नुरी बे समाधानानं निघून जायचा.

पण फिटरचं एका प्रश्नाशिवाय चालत नाही. डॉक्टर जसा “कधीपासून दुखतंय” विचारतो, तसं आम्ही आवाज आला, कागद फाटला की आधी विचारतो, “कधीपासून?” तो प्रश्न मी मावशींकडून शिकलो. भिंतीवरचं घड्याळ, दुखरी दाढ आणि बरेच हातवारे खर्च झाले. ने झमान्दान बेरी, कुठल्या जमान्यापासून? आणि किती तास झाले विचारायचं तर, काच साआत्तिर? त्यांच्यात तासाला, दिवसाला, वर्षाला मागून एक शेपूट लावतात, दिर नाहीतर दुर, समोरच्या शब्दाचा तोंडावळा बघून. शेपूट लागलं की कळायचं, हे अजून चालूच आहे, संपलेलं नाही. आणि सकाळपासून म्हणायचं तर, सबाहतान बेरी. सबाह म्हणजे आपली सुबह, ते लगेच बसलं. बेरी म्हटलं की मला तुपाची बेरी आठवायची आणि घरची याद यायची, म्हणून तेही बसलं.

मावशी खूश झाल्या. रात्रीच्या जेवणाला सगळ्या शेजारणींना बोलावून माझी परीक्षा घेतली. लग्न होऊन किती दिवस झाले? बायको कितव्या महिन्यात? बाळाचं सांगितल्यावर मावशींनी हात मांडीवर आपटला आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या. सुनेनं मला बोटं मोजून दाखवली आणि विमानासारखा हात उडवला. म्हणजे, लवकर जा बाबा. मी म्हटलं, मावशी, मी पण तेच म्हणतोय.

दोनदा मोजलं

मशीन बसली. पहिल्या दिवशी नुसती चालवून बघितली. सुंदर चालली. नुरी बेनं येऊन विचारलं, “काच साआत्तिर चालिशियोर?” किती तास चालतेय? चालिशियोर म्हणजे चालतेय, हे तर आपलंच वाटतं. मी छाती फुगवून म्हणालो, “इकी साआत्तिर.” दोन तास. शेपटासकट बिनचूक. शेपूट तोंडातून बाहेर पडतंय तोवर खट्. कागद तुटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुंदर चालली. पुन्हा नुरी बे, पुन्हा काच साआत्तिर, पुन्हा मी खरं सांगितलं. खट्.

कागदाच्या रोलमध्ये गाठ होती हे खरं. मी ती डोळ्यांनी बघितली. पण ती गाठ बरोबर तेव्हाच का यावी? मला घरून, समुद्रापलीकडून, आईचा आवाज ऐकू आला: सांगितलं होतं ना, मोजू नको म्हणून.

नुरी बे मिशीचं टोक चावू लागला. त्याच्या मिशीवरून कळत होतं, की टेन्शन एकट्या मलाच नाही. मेहुण्यानं मला जर्मनमध्ये बरंच काही ऐकवलं. नुरी बेनं एक बोट वर केलं: उद्या. एकच दिवस. सकाळपासून संध्याकाळ. थांबली की संपलं.

तो दिवस

सकाळी मी मशीनच्या पाया पडलो. ग्रीस, रोल, पकडी सगळं तपासलं. कागद गाठी बघत बघत स्वतः पुन्हा गुंडाळला. मशीनच्या तोंडाशी गोळ्या टाकायला हातिजे मावशी बसल्या. बटण दाबलं. चालू झाली.

आता कारखान्याची रचना सांगतो. साखर शिजवायच्या कढया आणि त्यांचे बंब यांचा आवाज एवढा, की ऑफिसात बसलेल्या नुरी बेला मशीन चालतेय की थांबलीय ते कळायचं नाही. तो अधूनमधून येऊन विचारणार.

पहिल्यांदा आला. “काच साआत्तिर चालिशियोर, उस्ता?”

खरं सांगितलं तर खट्. सुनंदा डोळ्यापुढे आली. मी आईचं उत्तर दिलं, “शिम्दी बाश्लादी.” आत्ताच सुरू झाली.

नुरी बेनं घड्याळ बघितलं. आत गेला.

पुन्हा आला. “काच साआत्तिर?”

“शिम्दी बाश्लादी.”

दुपारच्या जेवणानंतर आला, तोंडात पाव तसाच. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, “शिम्दी बाश्लादी.” मला स्वतःचा अभिमान वाटत होता. मशीन कशी अगदी लोण्यासारखी. एकदाही थांबली नव्हती.

त्यानंतर तो आला तेव्हा बरोबर मेहुणा होता. नुरी बेनं विचारलंच नाही. मीच आपणहून म्हणालो, “शिम्दी...”

नुरी बेच्या तोंडातून जे बाहेर पडलं त्याला शेपूटबिपूट काही नव्हतं. मेहुण्यानं त्याचं जर्मन केलं, मग माझा चेहरा बघून जर्मन सोडलं आणि हातवारे केले. सकाळी आला, मशीन आत्ताच सुरू. मग आला, आत्ताच सुरू. जेवून आला, आत्ताच सुरू. म्हणजे ही दर थोड्या वेळानं बंद पडतेय आणि हा माणूस ती पुन्हा चालू करतोय. असली मशीन नको. मेहुण्यानं हात फोनसारखा कानाला लावला आणि दाराकडे बोट केलं: हिंदुस्तानात फोन लाव, तुमचा मोठा साहेब बोलव.

मोठा साहेब तिकडे उकडलेला भात आणि ऊस खात पडलेला. मला म्हणायचं होतं, शेठ, ती एकदाही थांबलेली नाही. पण ते म्हणजे मोजणंच झालं. आणि म्हटलं आणि खट् झालं तर? मी कोटाच्या बाहीत तोंड खुपसून उभा राहिलो.

तेव्हा हातिजे मावशी उठल्या. एका हातानं गोळ्या टाकायचं काम न थांबवता दुसरा हात कमरेवर ठेवला. त्यांनी नुरी बेला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे कारखान्यात त्याला ‘बे’ न म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

“नुरी,” त्या ओरडल्या. मग माझ्याकडे बघून आवाज एकदम खाली आणला, इकडेतिकडे बघितलं आणि त्याच्या कानाशी म्हणाल्या, “सबाहतान बेरी.”

सकाळपासून.

आणि म्हणता म्हणता त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. स्वतःच्या कानाची पाळी ओढली, ओठांनी पुच्च असा आवाज काढला आणि लाकडी टेबलावर टक टक टक केलं. मग, “माशाल्ला.”

नुरी बेचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, चिडला. पण त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. पाळी, पुच्च, टक टक टक. मेहुण्यानंही केलं, आणि त्याला जवळ लाकूड मिळेना म्हणून स्वतःच्या डोक्यावर वाजवलं.

तेव्हा मला कळलं, की आईच्या शाळेत ही सगळीच मंडळी शिकलेली. त्यांच्याकडेही नजर लागते, आणि शब्दही तोच आहे, नजर. फरक एवढाच, की आम्ही चांगलं लपवतो. ते सांगतात, पण सांगून झाल्यावर लगेच कान ओढून, लाकूड वाजवून दार लावून घेतात. मला दार उघडायचं माहीत होतं, लावायचं माहीत नव्हतं.

नुरी बेनं माझे दोन्ही खांदे धरले. काहीतरी म्हणाला, त्यात ‘उस्ता’ होतं. मग साऱ्या कारखान्याला हुकूम सुटला: आता कुणी वेळ विचारायची नाही. भिंतीवरच्या घड्याळावर फडकं टाकलं. मावशींनी गळ्यातला निळा मणी काढला, डोळ्याच्या आकाराचा, गोळीएवढा, आणि दोऱ्यानं मशीनच्या तोंडावर बांधला. मी पण गप्प बसलो नाही. स्वयंपाकघरातून लिंबू आणि हिरव्या मिरच्या मागून घेतल्या. तिकडच्या मिरच्या वीतभर लांब आणि चवीला काकडीसारख्या, पण नजरेला काय कळतंय. ओवून दुसऱ्या बाजूला टांगल्या. नुरी बेनं बारकाईनं बघितलं आणि विचारलं, एक अजून बनवून देशील? ऑफिसला.

आणि मशीन चालली. कामगार चवड्यांवर चालत होते.

ऊन कलल्यावर माझं लक्ष गेलं, तर मशीनच्या तोंडावर नुसता दोरा लोंबकळत होता. मणी नाही. मी मावशींकडे बघितलं. मावशींनी दोऱ्याकडे बघितलं. दोघांनी मिळून खाली, परातीत, कोटाच्या खिशात, सगळीकडे बघितलं. मशीन थांबवून बघता येत नव्हतं. मावशींनी तोंडावर बोट ठेवलं.

संध्याकाळ झाली. नुरी बेनं स्वतः येऊन मान हलवली आणि मी बटण बंद केलं. घड्याळावरचं फडकं काढलं. टाळ्या पडल्या. नुरी बेनं मालाच्या परातीत हात घातला, एक गोळी उचलली, कागदाचे दोन्ही पीळ सगळ्यांना दाखवले, घट्ट, नेटके. मग आत न बघता कागद उलगडला आणि गोळी दाढेखाली घातली.

कट्ट.

त्या आवाजानं मी जागच्या जागी बसलो. नुरी बेनं तळहातावर थुंकलं. दाताचं सोनेरी टोपण, आणि त्याच्याबरोबर निळ्या मण्याचे दोन तुकडे. माझ्या मशीननं मणी उचलून, कागदात गुंडाळून, दोन्ही टोकांना पीळ देऊन परातीत टाकला होता. काम चोख.

मी मनात म्हटलं, संपलं. सुनंदे, बारशाला येतो, तेही पोर चालायला लागल्यावर.

नुरी बे तळहाताकडे बघत राहिला. टोपणाकडे नाही, मण्याकडे. मण्याला मधोमध तडा. त्यानं तो मावशींना दाखवला. मावशींनी हात आकाशाकडे केले. “नजर चिक्ती,” त्या म्हणाल्या. नजर निघाली. मणी फुटला म्हणजे जे काही वाईट यायचं होतं ते मण्यावर आलं आणि गेलं. बाकी राहिलेलं टोपणावर गेलं. आता भीती नाही.

नुरी बे हसायला लागला. बाजूला सोनेरी टोपणाच्या जागी खिडकी. त्यानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मिशीसकट, आणि विमानासारखा हात उडवला.

घरी

निघताना कोट परत द्यायला गेलो तर मावशींनी बटणं लावून दिली. वर खिशात एक नवा निळा मणी, बाळासाठी, आणि पिशवीभर जैतून, कारण मला फार आवडतात.

मी वेळेत पोचलो. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दादांनी कारखान्यात पेढे वाटले, कुलकर्णी साहेबांना कावीळ म्हणून बत्तासा.

आमच्या शेजारी खाडीकाठच्या जुई गावच्या आजी राहतात, मासळी घेऊन दारोदार जाणाऱ्या. त्या बाळ बघायला आल्या. पाळण्यात वाकून म्हणाल्या, “किती दिसांची झाली रं पोर? ग्वार हाय.” ग्वार म्हणजे त्यांच्या बोलीत गोड.

मी म्हणालो, “आत्ताच झाली, आजी.” आणि कान ओढला, पुच्च केलं, पाळण्याच्या लाकडावर टक टक टक वाजवलं.

आजी म्हणाल्या, “याला का झालं?”

आईनं मला आपादमस्तक बघितलं. “हे काय नवीन?”

“तिकडचं आहे, आई.”

“पुन्हा करून दाखव.” मी दाखवलं. आईनं एकदा करून बघितलं, पुच्च तिला जरा जमलं नाही. मग म्हणाली, “चांगलं आहे. आपल्याबरोबर तेपण ठेवू.” तेव्हापासून ती भोपळ्याच्या वेलापाशी रोज सकाळी कान ओढून काठी वाजवते. सोसायटीत पुष्कळांना वाटतं, म्हातारी देवाची माफी मागते.

नवीन वर्षाला तोरबालीहून कार्ड येतं. वर जैतुनाच्या झाडाचं चित्र, आत नुरी बेच्या हातचं, कधी मावशींनी सांगून लिहवलेलं, एकच वाक्य: शिम्दी बाश्लादी. मशीन आत्ताच सुरू झाली. मी ते वाचतो आणि निवांत होतो. ज्या दिवशी तिथून खरा आकडा लिहून येईल त्या दिवशी मी पाना घेऊन विमानतळावर जाईन.

परवा कार्ड आलं तेव्हा सुनंदा पोळ्या लाटत होती. म्हणाली, “किती वर्षं झाली हो आता त्या मशीनला?”

मी तोंड उघडलं होतं. आतल्या खोलीतून आई म्हणाली, “वसंता, तिला आधी लाटणं वाजवायला सांग.”